उतरणीची सोबत

आपल्या तीर्थक्षेत्रांची यादी मनाशी आठवून पाहिली, तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. आपली बहुतेक मोठी क्षेत्रे डोंगरमाथ्यावर आहेत. झारखंडातील सम्मेदशिखरजी, सौराष्ट्रातील शत्रुंजय आणि गिरनार, कर्नाटकातील श्रवणबेळगोळचा विंध्यगिरी आणि आपल्या महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातील मांगी-तुंगी व गजपंथा. शत्रुंजयाला साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या आहेत. गिरनारच्या नेमिनाथ भगवंतांच्या मंदिरापर्यंत जवळजवळ चार हजार पायऱ्या चढाव्या लागतात. मांगी आणि तुंगी ही दोन्ही शिखरे चार हजार तीनशे फुटांहून उंच आहेत. शिखरजीची वंदना तर २७ किलोमीटरची : नऊ किलोमीटर चढण, नऊ किलोमीटर टोंकांची परिक्रमा आणि नऊ किलोमीटर उतरण.

चढणीविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. प्रवचनांतून ती आत्म्याच्या ऊर्ध्वगतीची उपमा होते, स्तवनांतून तिचे गुणगान होते. उतरणीविषयी मात्र कोणी बोलत नाही. दर्शन झालेले असते, मन तृप्त असते आणि आता काय, खालीच तर जायचे, असे वाटते. वस्तुतः चढताना दमतो तो श्वास; तो दोन मिनिटे बसले की परत येतो. उतरताना मात्र प्रत्येक पायरीवर संपूर्ण शरीराचा भार एका गुडघ्यावर येऊन पडतो आणि मांडीच्या स्नायूंना ब्रेकसारखे काम करावे लागते. चढण श्रद्धेच्या बळावर पार पडते. उतरण गुडघ्यांनाच पार पाडावी लागते. साठी ओलांडलेल्या अनेक यात्रिकांची यात्रा पुढे कायमची थांबते, ती चढणीला घाबरून नव्हे, तर मागच्या उतरणीच्या आठवणीने.

या उतरणीसाठी पूर्वापार चालत आलेली सोबत म्हणजे काठी. शत्रुंजय, गिरनार वा शिखरजी, कोठेही जा, पायथ्याशी बांबूच्या काठ्यांचे भारे लावून विक्रेते बसलेले दिसतात. थोडक्या भाड्यात काठी मिळते आणि परतताना परत करता येते. गेल्या काही वर्षांत या बांबूच्या काठीशेजारी एक नवी काठी दिसू लागली आहे. अॅल्युमिनियमची वा कार्बन फायबरची, कमीअधिक लांबीची होणारी, पिशवीत मावणारी. तिला ट्रेकिंग पोल म्हणतात. जर्मनीतील लेकी या कंपनीने १९७४ मध्ये लांबी कमीजास्त करता येणारी अशी काठी बाजारात आणली. आज आपल्याकडे क्रीडासाहित्याच्या कोणत्याही मोठ्या दुकानात ती मिळते. प्रश्न एवढाच उरतो की एवढ्या प्रकारांतून निवडायची कोणती, आणि त्यासाठी किती पैसे खर्च करायचे.

मुलुंडकरांना हा प्रश्न दरवर्षी कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास पडतो. चातुर्मासात शत्रुंजयाची यात्रा बंद असते. कार्तिकी पौर्णिमेला ती पुन्हा सुरू होते आणि येथील देरासरांच्या व मंदिरांच्या फलकांवर यात्रासंघांच्या सूचना झळकू लागतात. म्हणजे ज्या चार महिन्यांत पावसामुळे फिरणे कमी झालेले असते, व्याख्याने आणि प्रतिक्रमण यांसाठी बैठक अधिक झालेली असते, तपश्चर्येमुळे शरीर काहीसे क्षीण झालेले असते, त्या महिन्यांच्या पाठोपाठच डोंगर समोर उभा राहतो. पश्चिमेकडच्या गच्चीतून राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगररांगा रोज दिसतात. पण डोंगर पाहणे निराळे आणि चढणे-उतरणे निराळे.

मुलुंड पूर्वेला राहणाऱ्या एका कुटुंबात हा प्रश्न ज्या रीतीने सुटला, ती हकीकत अनेकांना उपयोगी पडावी अशी आहे. कुटुंब मूळचे सांगलीकडचे, पन्नास वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त मुंबईत आलेले. घरातील वडीलधाऱ्या बाईंना सारे अक्का म्हणतात. त्यांचे वय ६८. यजमान अण्णा ७२ वर्षांचे. तीस वर्षांपूर्वी दोघांनी शिखरजीची वंदना पायी केली होती. संघाची यात्रा पुन्हा जाणार असे कळले, तेव्हा अक्कांनी नाव दिले आणि त्याच दिवशी जाहीर केले, की वंदना पायीच करायची, डोली घ्यायची नाही.

त्यांचा उजवा गुडघा तीन-चार वर्षांपासून दुखत होता. मुलाने डोलीचा आग्रह धरला. त्यावर अक्कांचे म्हणणे असे, की दुसऱ्याच्या खांद्यावर बसून वर जायला मन घेत नाही. अण्णांनी दुसरी बाजू मांडली. "अगं, डोलीवाल्यांची घरे त्यावरच चालतात. डोली घेण्यात पाप नाही आणि न घेण्यात पुण्य नाही. शरीर काय सांगते ते बघायचं." हे अक्कांना पटले, पण शरीराला आधी विचारून तर पाहू, एवढा हट्ट त्यांनी सोडला नाही. अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासणी केली, मांडीचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम दिले आणि परवानगी देताना एक अट घातली : दोन्ही हातांत काठ्या हव्यात.

या अटीपाशी गाडी अडली. अक्का डोंगराला घाबरत नव्हत्या, काठीला घाबरत होत्या. काठी हातात आली की माणूस म्हातारा झाला, असा आपल्याकडे समज आहे. त्यातही दोन काठ्या! मंदिरातल्या बायका काय म्हणतील, हा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला. अण्णांनी उत्तर दिले ते परंपरेतलेच. श्वेतांबर साधु-साध्वी विहाराला निघतात तेव्हा त्यांच्या हाती दंड असतो आणि त्यांत तरुण साध्वीही असतात. गांधीजी १९३० मध्ये दांडीला निघाले ते हाती बांबूची काठी घेऊन. यांपैकी कोणाला कोणी दुबळे म्हटले नाही. काठी हे दुर्बलतेचे चिन्ह नसून लांब चालणाऱ्याचे उपकरण आहे. अक्का हसल्या आणि म्हणाल्या, "बरं, पण अहो, बघून-सवरून घ्या. उगाच भारी नको."

मग घरात काठीचा अभ्यास सुरू झाला. अण्णांकडे एक जुनी बांबूची काठी होती आणि ते तिच्या बाजूचे होते. नातू अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला. सह्याद्रीतले किल्ले चढणारा. त्याचा कल कार्बन फायबरच्या घडीच्या काठीकडे. "आजी, पिसासारखी हलकी असते बघ," असे तो सांगे. वाद मिटवण्यासाठी सूनबाईंनी स्वयंपाकघरातला वजनकाटा पुढे आणला. बांबूची काठी ४८० ग्रॅम भरली. नातवाची अॅल्युमिनियमची काठी २५० ग्रॅम. त्याच्या मित्राकडून आणलेली कार्बनची काठी १९० ग्रॅम.

आता हा फरक मोठा की छोटा? अण्णांनी कागद घेतला आणि ढोबळ हिशेब मांडला. शिखरजीची वाट २७ किलोमीटर. एक पाऊल ६० सेंटिमीटरचे धरले, तर ४५ हजार पावले होतात. दोन काठ्या आळीपाळीने टेकल्या, तर प्रत्येक हात दिवसभरात साडेबावीस हजार वेळा काठी उचलतो. बांबूऐवजी अॅल्युमिनियमची काठी घेतली की प्रत्येक वेळी २३० ग्रॅम वाचतात. दिवसाअखेर एका हाताची बचत होते पाच टनांहून अधिक. अॅल्युमिनियमऐवजी कार्बन घेतली की आणखी ६० ग्रॅम वाचतात; म्हणजे सुमारे १३५० किलो. पहिली बचत काही शेकडा रुपयांत मिळते. दुसरी बचत तिच्या चौथ्या हिश्श्याएवढी, आणि तिच्यासाठी किंमत मोजावी लागते साधारण दुप्पट-तिप्पट. हलकेपणाला मोल आहे, हे या हिशेबाने सिद्ध झाले. आणि त्या मोलाला मर्यादा आहे, हेही.

शिवाय दोन्ही द्रव्यांचा स्वभाव निराळा. अॅल्युमिनियमची नळी दगडांत अडकून आडवा दाब आला तर वाकते. वाकलेल्या काठीच्या आधाराने खाली येता येते. कार्बनची नळी उभा भार उत्तम पेलते, पण आडवा फटका बसला तर ती तडकते आणि तडकली की निरुपयोगी होते. तरुण माणूस दुसऱ्या काठीवर निभावून नेईल. ज्याचा भरवसाच काठीवर आहे, त्याने वाकणारी काठी घ्यावी, मोडणारी नको. अॅल्युमिनियममध्येही प्रकार असतात. वेष्टनावर ७०७५ हा आकडा असेल तर ते मिश्रधातू ६०६१ या आकड्याच्या मिश्रधातूपेक्षा अधिक मजबूत असते. दोन्ही चालतात, किंमत जवळपास असेल तर पहिले घ्यावे.

वजनाखालोखाल महत्त्वाची गोष्ट म्हणजे लांबी, आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. काठी टेकवून उभे राहिले असता कोपर काटकोनात आले पाहिजे. ढोबळ सूत्र असे, की उंचीच्या ६८ टक्के लांबी धरावी. अक्कांची उंची १५० सेंटिमीटर. म्हणजे सपाटीवर १०२ सेंटिमीटरची काठी. चढताना ती पाच ते दहा सेंटिमीटरने कमी करायची, कारण पुढची जमीन वर असते. उतरताना तेवढीच वाढवायची, कारण पुढची जमीन खाली असते. म्हणजे अक्कांना जवळजवळ ९५ पासून ११० पर्यंतची काठी हवी. बाजारातल्या कित्येक काठ्या कमी करून करून ११० वरच थांबतात. अशी काठी कितीही स्वस्त आणि हलकी असली, तरी ठेंगण्या बाईला चढणीवर खांदे उचलून चालायला लावते आणि संध्याकाळपर्यंत मान धरते. आपल्या घरांतील अनेक स्त्रियांची उंची पाच फुटांच्या आसपास असते. त्यांनी काठीची कमाल लांबी पाहू नये, किमान लांबी पाहावी.

तिसरी गोष्ट नळ्या घट्ट करण्याची सोय. काही काठ्या पिळून घट्ट होतात. त्या थोड्या स्वस्त आणि वजनाला कमी असतात. पण ज्यांच्या बोटांचे सांधे आखडलेले आहेत त्यांना त्या नीट पिळता येत नाहीत, आणि आत धूळ वा ओल गेली की भार पडताच नळी आत सरकते. उतरणीवर काठी अकस्मात चार बोटे आत गेली, तर तोल जाण्याला तेवढे पुरते. दुसऱ्या प्रकारात बाहेरून खटका असतो. तो उघडायचा, लांबी ठरवायची आणि दाबून बंद करायचा. बंद आहे की नाही ते डोळ्यांना दिसते. वयस्करांनी खटक्याचीच काठी घ्यावी. तिसरा प्रकार घडीचा. त्याची घडी हातभर लांबीची होते, प्रवासाला सोयीची असते. पण स्वस्तातल्या काही घडीच्या काठ्यांची लांबी बदलत नाही. घेण्यापूर्वी तेवढे विचारावे.

मूठ फोमची किंवा बुचाच्या लाकडाची असावी. नुसत्या कठीण प्लॅस्टिकवर घामाने हात घसरतो. मनगटाचा पट्टा कापडी असावा. चामड्याचा वापर कोठेही नाही ना, हे आपल्या यात्रिकांनी विचारून घ्यावे. सुदैवाने साध्या काठ्यांत तो सहसा नसतो. आत स्प्रिंग बसवलेल्या, धक्का शोषणाऱ्या काठ्याही मिळतात. त्यांनी वजन वाढते, किंमत वाढते आणि टेकताना काठी किंचित दबते. ज्याला खात्रीचा आधार हवा त्याला ते दबणे रुचत नाही.

उरले टोक. टोकाला टंगस्टन कार्बाइडचा कठीण मणी असतो. तो मातीत आणि मुरमाड वाटेवर पकड घेतो. दगडी पायऱ्यांवर मात्र तो घसरतो, टकटक आवाज करतो आणि पायरीवर ओरखडे उठवतो. तीर्थावरच्या पायऱ्यांवर रबरी टोपण चढवलेलेच हवे. ते झिजते, म्हणून जास्तीची एक जोडी जवळ ठेवावी. अनवाणी चालणाऱ्यांच्या गर्दीत उघडे टोक कोणाच्या पावलावर पडू नये, हाही विचार त्यात आहे. पायाखालच्या जिवांचे रक्षण रबराने होते असे मात्र कोणी समजू नये. ते ईर्यासमितीनेच होते. काठी टेकायची जागा आधी डोळ्यांनी पाहायची, मग टेकायची. गंमत अशी, की ज्याला चार हात पुढची जमीन पाहून काठी टेकायची सवय लागते, त्याचा पायही सहसा चुकत नाही.

दुकानात अण्णा आणि नातू दोघेही गेले, अक्कांना घेऊन. निवड करताना त्यांनी केलेल्या चार गोष्टी कोणालाही करता येतील. पहिली, किंमत एका काठीची आहे की जोडीची, हे विचारले; पुष्कळदा ती एकीचीच असते. दुसरी, काठी हव्या त्या लांबीला लावून, खटका बंद करून, मुठीवर दोन्ही तळवे ठेवून सगळा भार दिला. नळी तसूभरही सरकता कामा नये. तिसरी, खटका अक्कांनी स्वतः, कोणाच्या मदतीविना उघडला आणि लावला. चौथी, टोपणे आणि टोके सुटी मिळतात का, ते पाहिले. शेवटी घरी आली ती अॅल्युमिनियमची, तीन नळ्यांची, खटक्याची साधी जोडी. कार्बनच्या जोडीपेक्षा जे पैसे वाचले, त्यांत चांगले कापडी बूट आणि डोक्याला बांधायचा दिवा आला.

दोन काठ्यांचा गुडघ्याला खरोखर किती उपयोग होतो, याचे मोजमाप झालेले आहे. हर्मान श्वामेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २५ अंशांच्या उतारावर काठ्यांसह आणि काठ्यांविना चालवून गुडघ्यावरचे भार मोजले. काठ्यांमुळे ते १२ ते २५ टक्क्यांनी कमी झालेले आढळले. त्यात भाग घेणारे आठ जण निरोगी पुरुष होते, हे विसरू नये. दुखऱ्या गुडघ्याला तेवढाच दिलासा मिळेल असे वचन त्यातून मिळत नाही. पण दिशा स्पष्ट होते. आणि एक अट त्यात गृहीत आहे : काठी वापरता आली पाहिजे. नुसती हातात धरून चालणाऱ्याला ती ओझेच होते.

म्हणून यात्रेपूर्वी दोन महिने सराव ठरला. इमारत सात मजल्यांची, प्रत्येक मजल्याला वीस पायऱ्या. म्हणजे एका खेपेला १४० पायऱ्या. अण्णांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खेपांची नोंद सुरू केली. पहिल्या आठवड्यात रोज दोन, मग तीन, मग पाच. वर जाताना कधी लिफ्ट घेतली, तरी खाली येताना जिनाच, कारण सराव उतरणीचा हवा होता. नातवाने पट्टा वापरायला शिकवले. हात पट्ट्यात खालून वर घालायचा आणि मग पट्ट्यासकट मूठ धरायची. म्हणजे भार मनगटावर येतो, मूठ आवळून धरावी लागत नाही. उतरताना क्रम असा : आधी दोन्ही काठ्या खालच्या पायरीवर, मग दुखरा पाय, मग चांगला. चढताना उलट : आधी चांगला पाय, मग काठ्या आणि दुखरा. एका बाजूला कठडा असेल, तर एक हात कठड्याला आणि एकच काठी दुसऱ्या हातात. सपाटीवर एकच काठी घेतली, तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. अरुंद वाटेवर किंवा दाट गर्दीत पट्ट्यातून हात बाहेर काढून ठेवायचा, म्हणजे काठी अडकली तरी माणूस ओढला जात नाही.

इमारतीतली मुले सुरुवातीला जिन्यात थांबून पाहत. आठवडाभराने ती खेपा मोजू लागली. मंदिरातल्या बायका काय म्हणतील, या प्रश्नाचेही उत्तर मिळाले : तिघींनी काठ्या कोठून आणल्या ते विचारले.

महिनाभराने चाचणी परीक्षा झाली ती नाशिकजवळच्या म्हसरूळला, गजपंथाच्या टेकडीवर. चारशेहून अधिक पायऱ्या, वर गुंफांतील जिनमूर्ती आणि एका दिवसात मुलुंडहून जाऊन येता येईल असे अंतर. ज्येष्ठांनी मोठ्या यात्रेआधी अशी छोटी यात्रा जरूर करावी. तेथे अक्कांना दोन गोष्टी कळल्या. पायऱ्या उंच असल्या की काठी घरच्या जिन्यावरच्या मापापेक्षा आणखी तीन बोटे लांब हवी. आणि दर्शनाला जाताना काठ्या चपलांजवळ ठेवल्या, तर तशाच दिसणाऱ्या चार जोड्यांतून आपली ओळखू येत नाही. परतल्यावर सूनबाईंनी मुठींना केशरी फीत बांधली.

फाल्गुनाच्या आरंभी संघ मधुबनला पोहोचला. पहाटे तीनला सारे निघाले. वाटेवर डोक्याच्या दिव्यांची माळ, मध्येच गंधर्व नाला, मग सीता नाला. अक्का थांबत थांबत, पण एका लयीत चढत होत्या. गौतमस्वामींच्या टोंकेवर पोहोचायला त्यांना इतरांपेक्षा दीड तास अधिक लागला. निघण्यापूर्वीच ठरले होते, की परिक्रमेच्या मध्याला गुडघा सुजला असेल, तर पुढे डोली घ्यायची आणि त्यात कमीपणा मानायचा नाही. गुडघा दुखत होता, सुजला नव्हता. दुपार कलल्यावर पार्श्वनाथ भगवंतांच्या टोंकेवर शेवटचे अर्घ्य देऊन झाले आणि नऊ किलोमीटरची उतरण समोर आली.

अक्कांना रात्रिभोजनाचा त्याग आहे. सूर्यास्तानंतर पाणीही नाही. पहाटेपासून पोटात काही नव्हते. म्हणजे सूर्य मावळण्याच्या आत खाली पोहोचले नाही, तर दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत उपवास लांबणार. घाई केली तर गुडघा जाणार, सावकाश गेले तर पाणी जाणार. एक डोलीवाला बराच वेळ मागून चालत होता. अधूनमधून नम्रपणे विचारत होता. अण्णांनी काठ्यांचे खटके उघडून लांबी वाढवली, टोपणे नवी घातली आणि म्हणाले, "अगं, घड्याळ माझ्याकडे राहू दे. तू फक्त पुढची पायरी बघ." काठ्या, पाय, पाय, काठ्या, पाय, पाय. शेवटच्या दोन किलोमीटरवर त्यांनी बोलणे बंद केले. मधुबनच्या धर्मशाळेत त्या पोहोचल्या, तेव्हा सूर्यास्ताला पंचवीस मिनिटे उरली होती. त्यांनी आधी पाणी घेतले. नंतर त्या डोलीवाल्याला बोलावून, इतका वेळ सोबत चालल्याबद्दल, त्याच्या हातात काही रक्कम ठेवली.

काठीने हे सारे केले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. दोन महिन्यांचा जिना, वैद्यकीय सल्ला आणि मापात चाललेली पावले यांचा वाटा मोठा होता. हृदयविकार, चक्कर येणे वा गुडघ्याची फार झीज असणे, यांवर काठी हा उपाय नव्हे; आणि कडक उपवासात चढणाऱ्याला थकवा आला, तर कोणतीही काठी त्याला सावरू शकत नाही. पण सारी तयारी असूनही उतरणीवर पाय थरथरतो, त्या क्षणी हाताला काही तरी खात्रीचे लागावे लागते. ते खात्रीचे असणे, हाच काठीचा खरा गुण. सर्वांत हलकी आणि सर्वांत महाग यांच्या शोधात हा गुण मागे पडू नये.

यात्रेनंतर काठ्यांची निगा सोपी आहे. नळ्या सुट्या करून कोरड्या फडक्याने पुसाव्यात, ओल असेल तर वाळवून मगच बंद कराव्यात, सांध्यांना तेल लावू नये. टोकाजवळच्या चकतीत मातीबरोबर एखादा कीटक अडकलेला नाही ना, हे जयणेने पाहून मगच काठी मिटावी. विमानाने जाताना त्या सामानात द्याव्यात. टोकदार काठी हातातल्या पिशवीबरोबर नेता येईल असे धरून चालू नये.

आणि शेवटी एक व्यवहाराची सूचना. बहुतेक घरांत यात्रा वर्षातून एकदा घडते. उरलेले दिवस काठ्यांची जोडी कपाटावर धूळ खात पडते. ज्या समाजाने अपरिग्रहाला व्रताचे स्थान दिले, त्याने प्रत्येक घरात अशी जोडी घेण्याचे कारण नाही. मुलुंडमधील प्रत्येक मंदिराने, उपाश्रयाने वा महिला मंडळाने खटक्याच्या साध्या अॅल्युमिनियमच्या दहा जोड्या घ्याव्यात. त्यांतील निम्म्या कमी उंचीच्या व्यक्तींना चालतील अशा असाव्यात. प्रत्येक जोडीला क्रमांक द्यावा, बरोबर जास्तीची टोपणे ठेवावीत, एक साधी नोंदवही आणि परत मिळणारी छोटी अनामत. यात्रेच्या दोन महिने आधी जोडी न्यावी, जिन्यावर सराव करावा, परतल्यावर पुसून जमा करावी. दहा जोड्यांचा खर्च एखाद्या साधर्मिक वात्सल्याच्या खर्चापुढे नगण्य आहे. तेवढ्या खर्चात प्रत्येक हंगामात आणखी काही वडीलधारी मंडळी आपल्या पायांनी वर जातील आणि, जे अधिक अवघड आहे, आपल्या पायांनी खाली येतील.